उशाकडच्या दोन विटा

कुणाची नवी ओळख झाली की ते आधी हात जोडत आणि लगेच विचारत, "झोपता कोणत्या कुशीवर?"

आमच्या नकाशा विभागात ते बदलून आले, त्याच महिन्यात दसरा होता. दसऱ्याला आम्ही ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईच्या पेनांची पूजा करत असू. बड्या साहेबांच्या पत्नी दरवर्षी आरतीला येत. आरती संपली, बाईंच्या हातात अजून ताट होतं, आणि ह्यांनी पुढे होऊन तोच प्रश्न त्यांना विचारला. सगळा विभाग थिजला. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला सुरुवात केली. बाई मात्र विचार करून म्हणाल्या, "उजव्या. का हो?"

"प्रत्येक कडव्यानंतर घसा खाकरत होतात. घशाशी आंबट येतं तुमच्या. डाव्या कुशीवर वळा आणि रात्रीचं जेवण तीन तास आधी उरका. महिनाभर करून बघा."

महिन्याभरानं साहेबांच्या घरून त्यांच्यासाठी डबा आला. तोवर मी त्या विभागात बारा वर्षं काढली होती. माझ्यासाठी त्या घरून कधी साधा चिवडासुद्धा आला नव्हता.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आता मी एकोणऐंशीचा आहे, ते माघात गेले. आमच्या विभागातली जी काही मंडळी इंदुरात आणि बाहेर उरली आहेत, त्यांना त्यांच्याबद्दल एक गोष्ट चुकीची ठाऊक आहे. ती माझ्यामुळे चुकीची आहे. ती नीट सांगायची तर मला त्यांचा किती मत्सर वाटत होता हेही सांगावं लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

नकाशे काढणाऱ्यांचा एक ठरलेला आजार असतो. दुपारी डबा खायचा आणि भरल्या पोटावर बोर्डावर वाकून बसायचं, संध्याकाळपर्यंत. चार वाजेपर्यंत अर्ध्या विभागाच्या छातीत जळजळ सुरू झालेली असे. ते येण्याआधी ही मंडळी माझ्याकडे येत. माझ्या मेहुण्याचं औषधाचं दुकान होतं, त्यामुळे माझ्या खणात गुलाबी औषधाची बाटली कायम असायची. "भिया, दो ढक्कन देना," म्हणत एकेक जण यायचा, टोपणभर औषध प्यायचा, दोन मिनिटं बसायचा, घरचं काहीबाही सांगायचा. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, साहेब कुणावर चिडलेत, सगळं आधी माझ्या कानावर येई. मी फार हुशार नव्हतो, माझी रेघसुद्धा साधारणच होती. पण त्या बाटलीनं मला विभागात एक जागा दिली होती.

ते आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी आपला बोर्ड विटांवर चढवला. जेवणानंतर दोन तास ते उभ्यानं काम करत. उंच, काटकुळे, पँटला पट्टा नाही, खांद्यांवरून गॅलिस. "पट्टा म्हणजे पोटावर बसवलेला हवालदार," असं म्हणत. बाराच्या ठोक्याला डबा उघडायचा, त्यात दोन पोळ्या, भाजी, मूठभर भात. मग व्हरांड्यात शतपावली. मोठ्यानं मोजत. मध्ये साहेबांनी जरी हाक मारली तरी बोट वर करून थांबवत आणि शंभर झाल्यावरच वळत. कुणी चेष्टेनं "एकशे एक!" म्हणालं तर म्हणत, "एकशे एक म्हणजे फिरायला जाणं झालं. त्याला रजेचा अर्ज लागतो."

महिन्याभरात आठ बोर्ड विटांवर चढले. माझ्या खणातली बाटली एका महिन्याऐवजी तीन महिने पुरू लागली. माझ्याही छातीत रोज जळायचं, पण मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. सगळे उभे राहून काम करायचे आणि मी बसून, वाकून. लोकांना वाटायचं, माझी तब्येत उत्तम आहे.

इंदूरच्या माणसाला शेव सोड म्हणून सांगणारा वैद्य दुसऱ्या दिवशी दुकान बंद करतो. त्यांना हे बरोबर कळलं होतं. ते काहीच सोडायला सांगत नसत. "पोहे खा, जलेबी खा, शेव घाला वरून. सकाळी आठला खा. रात्री साडेदहाला तळलेले गराडू खाऊन अकराला आडवं व्हायचं आणि म्हणायचं, काय जळतंय! पोटाला काय आग विझवायची नोकरी दिलीय?" जेवणानंतर बडीशेप चावा म्हणत, जिऱ्याचं कोमट पाणी घ्या म्हणत, पण त्यांचा त्यावर फार भर नसे. "जिरं आपलं पाहुणं आहे. घर तुम्हालाच आवरायचंय." थंड दुधाबद्दल तर ते भांडायला उठत. "पिताना गार वाटतं. दोन तासांनी उठवतं की नाही, ते सांगा." पुदिन्याची गोळी चघळणाऱ्याला ते ती थुंकायला लावत, कारण पुदिन्यानं घशाखालचं दार सैल पडतं असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रत्येकाला ते एक पातळ वही देत. पंधरा दिवस लिहायचं, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी जळलं. "प्रत्येकाच्या घरचा चोर वेगळा असतो. एकाचा टोमॅटो, एकाचा रिकाम्या पोटीचा चहा, एकाचा घट्ट नाडा. चोर पकडल्याशिवाय सगळ्या गल्लीला कशाला मारायचं?" मग वही वाचून ते एकच गोष्ट बदलायला सांगत. फार तर दोन. फारच जुना आजार असेल तर रविवारी सायकलला पिशवी अडकवून, पिशवीत दोन विटा घालून, त्या माणसाच्या घरी जात आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली त्या स्वतः लावून येत. "उशा वाढवू नका, पोट दुमडतं. पलंग वाढवा." त्यामुळे आमच्याकडची पोरंसोरं त्यांना विटावाले काका म्हणत आणि मोठे लोक विटावाले साहेब.

लग्नाला ते संध्याकाळी सहालाच जात. मांडवात तेव्हा मंडपवाल्याखेरीज कुणी नसायचं. थेट भट्टीपाशी जाऊन आचाऱ्याकडून वरणभात मागून घेत, खुर्चीवर बसून जेवत, आहेराचं पाकीट मुलीच्या मामाकडे देत आणि वरात यायच्या आत घरी. एकदा आचारी म्हणाला, "साहब, अभी तो दूल्हा नहाया भी नहीं." हे म्हणाले, "उसको नहाने दो, मेरे को खाने दो."

माझ्या बायकोलाही अनेक वर्षं त्रास होता. रात्री उठून बसायची, घशात कडू पाणी यायचं. मी तिला माझी बाटली देत होतो. एका हळदीकुंकवाला तिची आणि त्यांच्या पत्नीची ओळख झाली, आणि मला न सांगता हिनं वही लिहायला घेतली. पंधरा दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "वहिनींची वही वाचली. त्यांना औषध नाही. तुम्हाला आहे."

"मला? मला काय झालंय?"

"तुम्ही रात्री दहाला घरी जाता. पत्ते संपल्यावर. त्या तुम्हाला वाढतात, मग उरलेलं स्वतः उभ्या-उभ्या खातात, भांडी आवरतात आणि लगेच आडव्या होतात. रोज. साडेसातला घरी जा. दोघं बरोबर बसून जेवा. बास."

मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर शाईची दौत फेकावीशी वाटली. ते बरोबर होते म्हणून जास्तच. मी पत्ते सोडले नाहीत, पण बायकोनं दुसऱ्या दिवसापासून साडेसातला जेवायला सुरुवात केली. माझं ताट झाकून ठेवायची. तीन आठवड्यांत ती रात्रभर झोपू लागली. मी मात्र अंधारात जागा असायचो, छातीवर हात ठेवून.

"अहो, ते म्हणतात डाव्या कुशीवर वळून बघा," ती अर्धवट झोपेत म्हणायची.

"ते म्हणतात! ते काय डॉक्टर आहेत?"

"डॉक्टर नाहीत. पण विचारतात तरी. तुम्ही कधी विचारलंत, मी किती वाजता जेवते ते?"

माझ्या बायकोनं आयुष्यात मला इतकं स्पष्ट क्वचितच ऐकवलं असेल. ते तिनं त्यांच्यामुळे ऐकवलं, हे मी मनात धरून ठेवलं.

आता रिसालदारांबद्दल. त्यांचं हे आडनाव नव्हे. त्यांचे आजोबा संस्थानी फौजेत घोडदळात होते आणि ते स्वतः मोटरसायकलवर अगदी ताठ बसत, म्हणून सगळे त्यांना रिसालदार म्हणत. राहायला बडा गणपतीपाशी. सांवेरला थोडी शेती होती, सोयाबीनच्या दिवसांत तिकडे फेऱ्या मारायचे. भरपूर खाणारा, भरपूर हसणारा माणूस. विभागात माझ्या बाटलीशी शेवटपर्यंत इमान राखलेले तेवढेच. "भिया, वो ईंट-वींट अपने बस की नहीं," असं म्हणायचे. त्यामुळे ते मला फार आवडायचे.

एके दुपारी ते जिना चढून आले ते घामानं निथळत. छाती चोळत खुर्चीवर टेकले. योगायोगानं विटावाले साहेब आणि मी, दोघंच तिथे होतो. बाकीचे व्हरांड्यात जेवत होते. त्यांनी नेहमीसारखी वही काढली आणि प्रश्न सुरू केले. मी कोपऱ्यात नकाशे गुंडाळत होतो, पण कान तिकडेच होते.

"जळतं ते जेवणानंतर?"

"नाही हो. जिना चढलो की."

"आडवं झाल्यावर वाढतं?"

"नाही. थांबलो की बसतं. आणि इथं जबड्यात दुखतं जरा. डाव्या खांद्यातही."

त्यांनी वही मिटली. त्यांना वही न लिहिता मिटताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "ही माझ्या वहीतली जळजळ नाही, रिसालदार. हे हृदयाचं असू शकतं. आत्ता, ह्या क्षणी, इस्पितळात जायचं. कार्डिओग्राम काढायचा. घरी नंतर." मग माझ्याकडे वळले. "तुमची स्कूटर आहे. तुम्ही घेऊन जा ह्यांना. मी मागोमाग सायकलनं येतो. कुठेही थांबू नका."

मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. निघताना खणातली बाटली पिशवीत टाकली. का टाकली ते मला तेव्हाही माहीत होतं.

दोन चौक गेल्यावर रिसालदार मागून म्हणाले, "भिया, आता बरं वाटतंय. उगाच टेन्शन दिलं त्या माणसानं."

मी स्कूटर थांबवली. मी तेव्हा स्कूटर थांबवली नसती तर हे काही लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "त्यांना सगळीकडे काहीतरी दिसतंच हो. गॅस असणार. दोन टोपणं घ्या." त्यांनी घेतलं. मोठी ढेकर दिली. हसले. "देखा? अपनी बाटली ज़िंदाबाद!" मला इतका आनंद झाला की आजही तो आठवला की अंगावर काटा येतो. उद्या कचेरीत काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागलो. समोरच कचोरीचं दुकान होतं. त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या, मी एक. मग मी त्यांना घरी सोडलं. विटावाले साहेब इस्पितळात जाऊन आम्हाला शोधत बसले होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिसालदार गेले.

दहाव्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. विटावाले साहेब आत आले तशा रिसालदारांच्या पत्नी उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही! तुम्हाला दाखवलं म्हणाले हे घरी येऊन. काही नाही, गॅस आहे, म्हणाले. तुमच्या भरवशावर राहिले हो! लोकांना जिरं पाजा, विटा लावा, पण माणसाचा जीव..."

साहेब म्हणाले, "वहिनी, मी तसं म्हणालो नव्हतो. मी त्यांना ताबडतोब इस्पितळात जायला सांगितलं होतं."

"आता काय, काहीही म्हणाल."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोलीतल्या वीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. "हे होते तिथे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मी नकाशे गुंडाळत होतो. माझं लक्ष नव्हतं."

बाहेर पडताना फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं. "त्या दिवशी कुठपर्यंत गेलात?"

"मध्येच त्यांना बरं वाटलं."

"कशानं?"

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बोर्डाखालच्या विटा काढल्या. वह्या बंद. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "डॉक्टरांना दाखवा." आणि विचारणारेही राहिले नाहीत. ज्यांचे पलंग त्यांनी वर केले होते तेच लोक चहाच्या गाडीवर म्हणू लागले, "रिसालदार को तो इसी ने मारा." मी तिथे असायचो. माझी बाटली पुन्हा महिन्याला एक लागू लागली. जे मला हवं होतं ते सगळं परत मिळालं.

आणि तरी मत्सर गेला नाही. ते स्कूटरबद्दल कुणाला कधीच बोलले नाहीत. स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही, हे मला पुढे कळलं. माझी नोकरी, माझं घर, लोकांचा राग, ह्या सगळ्याचा विचार करून गप्प राहिले असतील, की माझ्यासारख्याशी वाद घालणं त्यांना कमीपणाचं वाटलं असेल, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटायचा. त्यातही ते माझ्यापेक्षा वरचढ निघाले. रागाच्या भरात का होईना, एकदा त्यांनी माझं नाव घ्यावं, ओरडावं, म्हणजे त्यांच्यात आणि माझ्यात फरक उरणार नाही, असं मला वाटायचं. त्यांनी मला ते सुख दिलं नाही.

निवृत्तीनंतर मी एका डॉक्टरकडे गेलो. त्यानं तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि एका छापील कागदावर खुणा करून दिल्या. लहान घास, लवकर जेवण, जेवल्यावर तीन तास पडायचं नाही, पलंग उशाकडून वर, डावी कूस. बायकोनं कागद वाचला, बाहेर गेली आणि शेजारच्यांच्या बांधकामावरून दोन विटा घेऊन आली. आता मी नीट झोपतो. म्हणजे, छाती जळत नाही.

माघात ते गेले तेव्हा आम्ही दोघं स्नेहलतागंजला त्यांच्या घरी गेलो. जिन्यावर विभागातला एक जण दुसऱ्याला सांगत होता, "आदमी अच्छा था, बस वो रिसालदारवाला किस्सा हो गया." त्यांच्या पत्नी वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. इतकी वर्षं हेच ऐकत आल्या असणार. त्यांनी माझ्या बायकोचा हात धरून आत नेलं.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? जिला सांगायचं तिला सांगा."

गेल्या आठवड्यात मी रिसालदारांच्या घरी गेलो. वहिनी आता वाकल्या आहेत, पण डोळे तेच. सूनबाईनं पाणी आणून ठेवलं. मी सगळं क्रमानं सांगितलं. जिना, घाम, मिटलेली वही, "कुठेही थांबू नका", माझी बाटली, गॅस हा माझा शब्द, आणि दहाव्या दिवशीचं माझं खोटं.

मग त्यांनी विचारलं, "दुकानापाशी थांबलात तेव्हा हसत होते का हे?"

"हो वहिनी. हसत होते."

"किती कचोऱ्या खाल्ल्या?"

"दोन."

"मला एक म्हणाले होते." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "विटावाल्यांची बायको तीनदा आली होती हो भाऊजी माझ्याकडे, त्या वर्षी. तिन्ही वेळा मी आतूनच सांगायला लावलं, झोपल्यात म्हणून. तिसऱ्या वेळी ती उन्हात फाटकापाशी कितीतरी वेळ उभी होती. मी खिडकीतून बघत होते. आहे ना ती अजून?"

"आहेत. तिथेच, स्नेहलतागंजला. एकट्याच असतात."

भिंतीचा आधार घेत त्या उठल्या. सुनेला म्हणाल्या, "रिक्शा बोलाव."

"वहिनी, आज? ऊन उतरू द्या, मी उद्या येतो न्यायला."

"तुमच्या उद्यावर नको." त्यांनी काठी घेतली. "मी तिथे काही बोलणार नाही. बोलायचं तुम्ही. आत्ता बोललात तसंच, पहिल्यापासून. माझ्यासाठी काही गाळायचं नाही. आणि मग कचेरीतल्या उरलेल्यांना लिहून कळवायचं."

रिक्शात त्या काठी दोन्ही हातांनी धरून पुढे बघत बसल्या. स्नेहलतागंजला उतरल्यावर जिन्याच्या तळाशी त्या थांबल्या. वर दार उघडंच होतं, आतून कुकरची शिटी ऐकू येत होती. मी वहिनींना हात द्यायला गेलो, तर त्यांनी तो बाजूला केला आणि कठड्याला धरलं.

"मी येते हळूहळू," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा."